जेवणाचा प्रवेश

"हे काय आहे?" मामाने विचारलं.

"कोंबडी. टेबल भरलेलं दिसायला," सामानवाला म्हणाला.

मामाने ती तंगडीला धरून उचलली आणि अंगठ्याने दाबली. दाबलेली जागा हळूहळू फुगून पुन्हा वर आली. "हिला मारली कशी? हवा सोडून?"

दिवे बांधणारे, वायरी पसरणारे, विंगेत उभे राहून संवाद पुटपुटणारे, सगळे हसले. मामा खाण्याबद्दल काहीही बोलला की हसायचं, ही मंडळातली सव्वीस वर्षांची वहिवाट होती. मामाही हसला, पण त्याचं लक्ष टेबलावर होतं. खडूची अंडी, फोमचा पाव, मेणाचा मासा, लाकडी कांदा, प्लॅस्टिकचं हाड, बशीला गोंदाने चिकटवलेले बटाटे. चौदा मिनिटांच्या प्रवेशाचं सगळं जेवण तिथे मांडलेलं होतं आणि त्यात तोंडात घालण्यासारखं काही नव्हतं.

"अरे, पण मी खाऊ काय?"

"खायचं नाही मामा, खाल्ल्यासारखं करायचं. याला अभिनय म्हणतात," सामानवाला म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

तेवढ्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे मंडळाचे दिग्दर्शक. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बोलताना त्यांचा हात खडू शोधायचा. त्यांनी समजावून सांगितलं. आज प्रयोग नाही, चित्रीकरण आहे. तीन कॅमेरे आहेत. एकच प्रवेश चार-पाच वेळा करावा लागेल. खरं जेवण ठेवलं तर एका वेळी ताटात अख्खं अंडं दिसेल आणि दुसऱ्या वेळी अर्धं. जोडताना घोळ होईल. चित्रीकरण करायला आलेल्या बाईंचं हे म्हणणं त्यांना पटलं होतं.

"तेव्हा एक दिवस पोटाला लगाम घाल," मास्तर म्हणाले.

आता हे नाटक काय होतं, ते सांगायला हवं. एका घरात मामा येतो. भाची खूश होते, त्याला जेवायला वाढते. मामा आलाय तो निरोप घेऊन, की तुझा नवरा बोटीवर गेला तो बुडाला. पण ते त्याच्याच्याने सांगवत नाही. जोवर जेवतोय तोवर सांगायला नको, म्हणून तो जेवतच राहतो. आणखी वाढ म्हणतो, गप्पा मारतो, थट्टा करतो. लोक खुर्चीतून पडायचे हसून. आणि शेवटच्या घासाला तो असं एक वाक्य बोलतो, की नाट्यगृहात कुणाला खोकायचीही हिंमत व्हायची नाही. या प्रवेशाला सगळे जेवणाचा प्रवेश म्हणत. बाराशेच्या वर प्रयोग झाले. मामाला आता त्याच्या खऱ्या नावाने फक्त पाणीखात्यातलं पगारपत्रकच हाक मारायचं. तिथे तो दिवसा मीटर वाचायचा. बाकी साऱ्या मुलखाचा तो मामाच.

खाण्याचा शौक त्याला होताच, त्यात खोटं काही नाही. आणि माणसांचा त्याहून जास्त. दौऱ्यावर निघाला की गावात गाडी शिरायच्या आधी मामाचा फोन शिरायचा. कुठे डॉक्टर, कुठे लाकडाचा व्यापारी, कुठे शाळेची मुख्याध्यापिका, प्रत्येक गावात एक घर ठरलेलं. दुपारी त्या घरी मामीसकट पंधरा जणांना घेऊन जेवायला जायचं, घरातल्या आजीच्या गुडघ्यापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सगळी चौकशी करायची, आणि निघताना संध्याकाळच्या प्रवेशासाठी डबा भरून घ्यायचा. डब्यात काय असावं, हे फोनवरच सांगितलेलं असे. कांदा, उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं, तळलेला मासा, मटणाचं नळीचं हाड आणि शेवटी कोरडा पाव. यातलं एक जरी नसलं तरी मामा तोंड पाडून बसायचा. "मामाचे चोचले," मंडळ म्हणायचं. नाटक निमित्त, गडी जेवायला येतो, असंही म्हणायचं. मामा ऐकून घ्यायचा, वर स्वतःच चार विनोद जोडायचा.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. मामाला आणि त्याच्या बायकोला, म्हणजे मामीला.

सव्वीस वर्षांपूर्वी तालमीत हा प्रवेश मामाला पाठच होत नव्हता. चौदा मिनिटं एकट्यानेच बोलायचं, आणि गप्पा कशा, इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या. भाचीच्या लहानपणाच्या जागी बायकोची थट्टा, थट्टेच्या जागी बोट. मास्तरांनी दम भरला, परवापर्यंत पाठ नसेल तर दुसरा बघतो. घरी येऊन मामा ताटावर बसला आणि जेवेना. तेव्हा मामीने एका हातात वही घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडात कांदा घातला. "आता हे बोला," म्हणाली. कांद्याला रस्त्याची आणि हवेची गोष्ट. बटाट्याला भाचीचं लहानपण. अंड्याला बायकोच्या चिकटपणाचे विनोद. माशाला नदी, पाणी, बोट, जिथे मामाच्या तोंडून निरोप निसटता निसटता राहतो. हाड चोखताना नुसतं गप्प बसायचं. आणि कोरड्या पावाला ते शेवटचं वाक्य. दोन दिवसांत प्रवेश पाठ झाला, आणि पाठ झाला तो जिभेला. डोक्यात काहीच नव्हतं. अंडं तोंडात गेलं की अंड्याचं बोलणं बाहेर पडायचं, नाही गेलं तर नाही.

हे लोकांना कळलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण नटाचं मन निराळं असतं. खादाड म्हटलेलं त्याला चालतं, पाठांतर नाही म्हटलेलं चालत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मामाने ती सव्वीस वर्षं झाकून ठेवली.

आणि आज ती उघडायची पाळी आली होती. नाटक बंद होणार होतं. भाचीचं काम करणारी नर्स स्वतः आजी झाली होती, आणखी किती वर्षं तिने रंगमंचावर वेणी उडवत फिरावं? म्हणून बंद करण्याआधी एकदा नीट चित्रित करून ठेवायचं ठरलं. मामाने गावोगावच्या घरांना फोन करून सांगितलं होतं, "आता मी मेलो तरी जेवत राहीन. तुमच्या नातवंडांना दाखवा." त्याच्या बाकी कामांत काय होतं? कुणाचा तरी चुलता, कुठला तरी हवालदार, दोन वाक्यं आणि एक्झिट. मागे राहण्यासारखं हे एकच काम होतं.

अकरा वाजता मामी आली. सवयीने सहा पुडांचा डबा भरून आणला होता, शिवाय मंडळासाठी दोन मोठी पातेली रिक्षातून. रंगपटात मामा दाढी लावून आरशासमोर बसला होता. मामीने दाराशी सगळं ऐकलेलंच होतं.

"सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"जे आहे ते. अंडं नसलं तर मला बोलता येत नाही म्हणावं. यात चोरी काय आहे?"

"अठ्ठावन्न वर्षांचा नट मी. बाराशे प्रयोग केलेत. आणि आता सांगू, मला बायको घास भरवते तेव्हा वाक्य येतं?"

"मग मी सांगते मास्तरांना."

"माझी शपथ आहे तुला."

मामीने डबा टेबलावर ठेवला. "शपथा कसल्या घालता. तिथे गप्प झालात तर काय कराल?"

"होईल गं. इतक्या वेळा केलंय, तोंडात नसलं तरी होईल."

पण मनातून तो घाबरला होता. त्याने चित्रीकरणाच्या बाईंना गाठलं. कानाला मोठे हेडफोन लावलेली, चाळिशीची, शांत बाई. "एक अंडं तरी खरं द्या," मामा म्हणाला.

"पाच-सहा वेळा करावं लागलं तर?"

"तर सहा अंडी खाईन."

आजूबाजूचे हसले. बाई हसल्या नाहीत. हेडफोन मानेवर ओढून त्यांनी नीट विचारलं, "काही अडचण आहे का? मला सांगा. सांगितलंत तर सोय करता येते."

दार असं सताड उघडलं होतं. मामाने मागे पाहिलं. मास्तर उभे होते, भाची उभी होती, आणि कंपाउंडर उभा होता. कंपाउंडर दवाखान्यात औषधं बांधायचा आणि नाटकात शेजाऱ्याचं काम करायचा. बारा वर्षं रविवार चुकवला नव्हता त्याने मामाच्या घरी जेवायला.

"अडचण कसली?" मामा म्हणाला. "पोट. दुसरं काय."

सगळे हसले, आणि बाईंनी हेडफोन पुन्हा कानावर चढवले.

पहिल्या वेळेला कांदा निभावला. बटाट्यालाही मामाने कसंबसं भाचीचं लहानपण ओढून आणलं. मग त्याने खडूचं अंडं उचललं, ओठांपर्यंत नेलं, चावल्यासारखं केलं आणि थांबला. जिभेला खडूचा वास आला. आत काहीच नव्हतं.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "काही हरकत नाही. पुन्हा."

दुसऱ्या वेळेला अंड्याच्या जागी माशाचं बोलणं आलं. बायकोच्या चिकटपणाच्या आधीच बोट निघाली. मास्तरांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्या वेळेला मामा रस्त्याच्या गोष्टीतच अडकला आणि तोच रस्ता दोनदा चालला. हसणारे आता हसत नव्हते. मामाच्या दाढीखाली घाम साचला होता आणि समोर भाची जेवण वाढून वाढून कंटाळली होती.

चौथ्या वेळेला तो अंड्यापाशी पुन्हा थांबला. आणि तेव्हा विंगेतून मामीचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"अंडं. मीठ कमी आहे. अंडं."

तिला वाटलं, निदान शब्दाने तरी त्याच्या जिभेवर चव येईल. घरी मीठ कमी असलं की तो काय बोलायचा, ते तिला ठाऊक होतं, आणि तेच बोलणं अंड्याच्या विनोदांचं टोक होतं. मामाला ते कळलंही. एक क्षण काहीतरी वर येत होतं. पण तोवर कॅमेऱ्यामागे एकजण फिसकन हसला, आणि मग सगळेच.

"मामी, जेवण नंतर," सामानवाला ओरडला. "आधी काम उरकू द्या त्यांचं."

हसू आवरेना कुणाला. सकाळपासून साचलेला वैताग त्यातून बाहेर पडत होता. मामी विंगेच्या कडेला उभी होती, हातात पदराचं टोक, आणि मामाकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती. तिला शपथ होती. बोलायचं होतं ते त्यानेच.

मामा हसला. आणि म्हणाला, "घरीही असंच. मी मरायला टेकलो तरी ही विचारेल, अंडं घालू का. डोकं सगळं चुलीत गेलंय हिचं."

हशा दुप्पट झाला. चांगली वाक्यफेक करणारा नट तो, कुठे थांबायचं ते बरोबर कळायचं त्याला. मामीने पदर सोडला आणि ती दोन पावलं मागे अंधारात गेली. तिचा चेहरा दिसेनासा झाला. बोलला त्याच क्षणी मामाला कळलं, की आपण काय केलं. पण हशा चालू होता, आणि हशा चालू असताना नट थांबतो, मध्ये बोलत नाही. त्याला तेवढंच शिकवलेलं होतं.

पाचव्या वेळेला कंपाउंडरने विंगेतून वाक्यं पुरवली. तो एक पुटपुटायचा आणि मामा ते शाळेतल्या पोरासारखं म्हणायचा. बाईंनी थांबवलं. "दोन आवाज येतात," त्या म्हणाल्या. घड्याळाकडे न बघता त्यांनी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर आले आणि मामाच्या खुर्चीशी उकिडवे बसले. तीस वर्षांची दोस्ती होती. "तुला बरं वाटत नाहीये का?" त्यांनी हळू विचारलं. "सकाळपासून चेहरा उतरलाय तुझा."

"हो, जरा गरगरतंय," मामा म्हणाला. एका दिवसात दुसऱ्यांदा दार उघडलं होतं आणि दुसऱ्यांदा त्याने ते लावून घेतलं.

"मग तू बस. जिवापेक्षा नाटक मोठं नाही. हॉल आजच्यापुरताच आहे, उद्या मिळत नाही." मास्तर क्षणभर थांबले. "आजच्यापुरतं कंपाउंडर करेल. त्याला पाठ आहे."

"त्याला कसं पाठ?"

"बारा वर्षं विंगेत उभा आहे तो. ऐकून ऐकून झालंय."

आजच्यापुरतं. मामाला हसायला आलं. जे कायमचं राहणार, तेच आजच्यापुरतं.

रंगपटात कंपाउंडर मान खाली घालून आला. "मामा, माझ्या मनात नव्हतं हो. आईशप्पथ. तुमचं मीठ खाल्लंय मी."

मामाने आपली दाढी सोडवली आणि त्याच्या हातात दिली. "डाव्या बाजूने सुटते. गोंद जरा जास्त लाव," म्हणाला. मग कोटही काढून दिला. कोट कंपाउंडरला खांद्यात ढगळ झाला, आणि रंगभूषा करणारीने पाठीमागे दोन टाचण्या मारल्या.

नाट्यगृहाच्या मागे, जिथून सेट चढवतात-उतरवतात, तिथे पाच सिमेंटच्या पायऱ्या आहेत. मामी तिसऱ्या पायरीवर बसली होती. शेजारी सहा पुडांचा डबा. ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं आणि पायऱ्या तापल्या होत्या. मामा येऊन तिच्याजवळ बसला, थोडं अंतर ठेवून.

"बदललं मला," तो म्हणाला.

"ऐकलं."

"मी सांगायला हवं होतं त्यांना."

"त्यांना नसतं सांगितलं तरी चाललं असतं." मामीने डब्याची कडी काढली. "माझं नाव घ्यायला नको होतं. सव्वीस वर्षं मी तुमच्या मागे उभी राहिले, आणि तुम्ही मला त्यांच्या पुढ्यात टाकलंत. हसायला."

मामा तिच्या हातांकडे बघत राहिला. हात कांदा चिरून चिरून बोटांपाशी काळवंडलेले.

आतून बाईंचा आवाज आला, "हसू आलं तर हसा, बाकी सगळे शांत." सेटचं मोठं दार अर्धवट उघडं होतं. प्रवेश सुरू झाला.

मामीने पिशवीतून ताट काढलं, आपल्यापुरतं वाढून घेतलं आणि जेवायला लागली. सकाळी सहापासून चुलीपाशी होती, भूक लागणारच. त्याला जेवा म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. डबा दोघांच्या मध्ये उघडा होता. थोड्या वेळाने मामाने झाकणात स्वतःच घेतलं. कांद्याची फोड तोंडात घातली, आणि रस्त्याची, हवेची गोष्ट अख्खी, न अडखळता घशाशी आली. त्याने तोंड मिटून घेतलं आणि चावत राहिला.

आत कंपाउंडर तीच गोष्ट सांगत होता. आवाज जरा पातळ होता, पण वाक्य वाक्याला लागून येत होतं. बटाटा झाला. अंड्यापाशी हशा फुटला, नेमका जिथे फुटायचा तिथे. मग परत एक, मोठा. मामाच्या तोंडातही अंडं होतं. सगळं येत होतं, सव्वीस वर्षांतलं एकही अक्षर गहाळ नव्हतं. ओठ हलू नयेत म्हणून त्याने मान खाली घातली. मामी त्याच्या जबड्याकडे बघत होती. तिला कुठलं वाक्य चाललंय ते कळत होतं.

मासा झाला. हाडाला आत शांतता पसरली, आणि मग बारीक बारीक हसू. खोटं हाड चोखतानाही कंपाउंडर बरा जमवत असावा. मामाने पावाचा तुकडा मोडला, कोरडा, आणि तोंडात धरून ठेवला.

आतून आवाज आला. कंपाउंडरने घाई केली नाही.

"पोरी, आजपासून ताट एकच वाढत जा."

कुणी खोकलं नाही. बाहेर रस्त्यावर एक गाडी गेली, तेवढाच आवाज. मामीचा घास हातातच राहिला. बाराशे वेळा तिने हे वाक्य विंगेतून ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून यायचे. आताही आले. तिने मनगटाने ते पुसले.

"बरा बोलला," ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला.